तारेचा रोध : प्रयोगशाळेच्या टेबलापासून विहिरीच्या काठापर्यंत

३ डिसेंबर २०२४

अकरावीच्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी विषय घेतला: तारेची लांबी, जाडी आणि धातू यांवर तिचा विद्युत रोध कसा ठरतो. सूत्र दोघींना पाठ आहे. रोध बरोबर रोधकता (धातूचा स्वतःचा अडवण्याचा गुण) गुणिले लांबी भागिले काटछेदाचं क्षेत्रफळ. तेवढ्यावर मी होकार दिला नसता, पण त्यांच्याकडे एक खरा प्रश्न आहे. एकीच्या घरी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मीटरपेटीपासून विहीर लांब, मधे ॲल्युमिनियमची जुनी केबल आणि विहिरीत पाच एचपीची पाणबुडी मोटर. ही मोटर जळून रिवाइंडिंगला जाऊन आली आहे. वायरमन म्हणतो, व्होल्टेज डाऊन आहे. डीपीवरच (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच) कमी येतंय की मधली केबल खातेय, हे आजवर कुणी मोजलेलं नाही.

ठरलं असं, की आधी टेबलावर सूत्रातला एकेक भाग मोजून बघायचा आणि मग तीच पद्धत शेतावर न्यायची.

सामान जमवलं: नायक्रोमची २२, २६ आणि ३० गेजची तार, कॉन्स्टंटनची २६ गेजची, रिवाइंडिंगच्या दुकानातून २६ गेजची एनॅमलची तांब्याची तार, सळया बांधायची बाइंडिंग तार, स्क्रू गेज, मीटरपट्टी, दोन मल्टिमीटर आणि प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय.

५ डिसेंबर

लांबीपासून सुरुवात. २६ गेजची नायक्रोम तार मीटरपट्टीवर ताणून बसवली. एक पिन शून्यावर पक्की, दुसरी सरकवत जायची. मल्टिमीटरवरचे आकडे असे आले: २० सेंमीला १.७ ओहम, ४० ला ३.०, ६० ला ४.३, ८० ला ५.७ आणि १०० सेंमीला ७.०.

आलेख सरळ रेषेत आला, पण ती रेषा शून्यातून जात नाही. लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट व्हायला हवा, इथे १.७ चे ३.० झाले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी त्यांना मीटरच्या दोन्ही पिना नुसत्या एकमेकींना टेकवायला सांगितल्या. मीटरने ०.३, कधी ०.४ दाखवलं. मीटरच्या स्वतःच्या वायरी आणि जिथे पिन तारेला टेकते तो संपर्क, दोन्हींचा रोध प्रत्येक वाचनात मिसळलेला आहे. आलेखावर रेषा उभ्या अक्षाला ०.३५ ला छेदते. तेवढा भाग तारेचा नाही.

म्हणून तारेबद्दल खरं काय ते रेषेचा चढ सांगतो: दर मीटरला ६.६५ ओहम. एकच वाचन घेऊन भागाकार केला असता तर ७.० आला असता, पाच टक्क्यांनी जास्त. लांबी बदलत अनेक वाचनं का घ्यायची याचं उत्तर मुलींना आज आलेखावर दिसलं.

९ डिसेंबर

आज प्रयोग नाही. मुलींना ओहमबद्दल सांगितलं, कारण त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता.

गेओर्ग सिमोन ओहम हा जर्मनीत कोलोन शहरात शाळेत शिकवायचा. त्या काळच्या बॅटऱ्या चालू असताना झपाट्याने मंदावायच्या, त्यामुळे वाचनं स्थिर राहायची नाहीत. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बॅटरी सोडली आणि बिस्मथ व तांबं यांचा जोड वापरला. जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विद्युत रेटाही कायम. मग सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसूची किती फिरते ते मोजलं. १८२६ मध्ये त्याला जे सूत्र मिळालं त्यात धारा ही एका स्थिर संख्येला दोन गोष्टींच्या बेरजेने भागून येते. एक म्हणजे परीक्षेच्या तारेची लांबी, आणि दुसरी म्हणजे तार सोडून उरलेल्या सगळ्या मंडलासाठीची एक ठरावीक संख्या.

ती दुसरी संख्या म्हणजे आमच्या आलेखावरचे ०.३५. मुलींनी आलेखावर त्या बिंदूशेजारी पेन्सिलने ओहमचं नाव लिहिलं, ते मला फार आवडलं. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पाठ्यपुस्तकात नियम एका ओळीत येतो आणि हा सगळा खटाटोप मागे राहतो. मुलांना तो सांगायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

१२ डिसेंबर

आज जाडी. व्यास मोजण्याच्या आधी एक साधी गोष्ट केली: एकाच २६ गेजच्या तारेचे एक-एक मीटरचे चार तुकडे कापले आणि ते शेजारी शेजारी ठेवून टोकं एकत्र घट्ट दाबली. एका तुकड्याला ६.६५, दोघांना ३.३, तिघांना २.२, चौघांना जेमतेम १.७ ओहम (वायरींचा रोध वजा करून). चार सारख्या तारा शेजारी ठेवणं म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ चौपट करणं. स्क्रू गेज न लावताच सूत्रातला छेद सिद्ध झाला. बाजारात केबल बहुपदरी मिळते, तिचं गणितही हेच. सगळ्या पदरांचं क्षेत्रफळ मिळवलं की झालं.

मग वेगवेगळ्या गेजच्या तारा घेतल्या. २२ गेजला दर मीटरला २.७५ ओहम, २६ ला ६.६५, ३० ला १४.१. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे मुलींना आधी उलटं वाटलं. व्यास अनुक्रमे ०.७१, ०.४६ आणि ०.३१ मिमी. रोध व्यासासमोर मांडला तर वाकडी रेषा येते. व्यासाच्या वर्गाच्या व्यस्तासमोर मांडला की बिंदू जवळपास एका रेषेत बसतात. जवळपास, कारण ३० गेजचा बिंदू थोडा बाजूला पडतो.

१३ डिसेंबर

तो बाजूला पडलेला बिंदू. स्क्रू गेजचं लघुतम माप ०.०१ मिमी. ३० गेजच्या तारेवर एका जागी ०.३१ येतो, जरा सरकवलं की ०.३२. फरक एका घराचा. पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे रोधकता एकदा १.०६ येते आणि एकदा १.१३. लांबी मीटरपट्टीवर मिलिमीटरपर्यंत मोजली, रोध काळजीने मोजला, आणि शेवटी सगळी अनिश्चितता या एका मापात साठली आहे.

उपाय जुना आणि साधा आहे. तार पेन्सिलीवर घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून ५० वेळा गुंडाळली. गुंडाळीची रुंदी १५.८ मिमी. म्हणजे एका तारेचा व्यास ०.३१६ मिमी. आता रोधकता १.१ आली आणि बिंदू रेषेवर आला.

इथून पुढे रोधकता आम्ही अशा एककात लिहीत आहोत: एक मीटर लांब आणि एक चौरस मिमी छेदाच्या तारेचा रोध. पुस्तकातल्या ओहम-मीटरचे दहाचे ऋण घात डोळ्यांसमोर काही उभं करत नाहीत. एक मीटर तार मात्र हातात धरता येते.

१८ डिसेंबर

आता धातू. तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध ०.१ ओहमच्या आसपास असणार आणि आमच्या मीटरच्या वायरींचाच ०.३५. मल्टिमीटरचा ओहमचा पट्टा इथे निरुपयोगी. म्हणून चार टोकांची पद्धत घेतली. पॉवर सप्लायमधून एक अँपिअर धारा बाहेरच्या दोन टोकांतून सोडायची आणि आतल्या दोन बिंदूंमधलं विभवांतर दुसऱ्या मीटरने मिलिव्होल्टमध्ये मोजायचं. व्होल्टमीटरच्या वायरींतून धारा जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांचा रोध हिशोबात येत नाही.

तांब्यावरचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडून मगच व्यास घेतला. एनॅमलसकट मोजलं तर क्षेत्रफळ फुगतं. एक मीटरवर १०६ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.१०६ ओहम, आणि रोधकता ०.०१७६. बाइंडिंग तार पोलादाची, तिची ०.१४. कॉन्स्टंटन ०.४९. नायक्रोम १.१. एकाच लांबी-जाडीची तार तांब्याऐवजी नायक्रोमची घेतली तर रोध साठ पटींहून जास्त.

इथे मुलींनी विचारलं, नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियम आहे, मग त्या दोन्हींचा रोध एवढा मोठा असतो का? फार चांगला प्रश्न. शुद्ध निकेलची रोधकता साधारण ०.०७ आणि क्रोमियमची ०.१३. दोन्ही मिसळले की १.१. कॉन्स्टंटनचंही तेच: तांबं ०.०१७, निकेल ०.०७, मिश्रधातू ०.४९. मिश्रणाचा रोध दोन्ही घटकांच्या मधे कुठेतरी पडत नाही, दोघांच्याही कितीतरी वर जातो.

कारण अणूंच्या मांडणीत आहे. शुद्ध धातूत अणू ठरावीक अंतरावर, नियमित रांगांत बसलेले असतात आणि अशा नियमित मांडणीतून इलेक्ट्रॉन फारसे न अडता जातात. ते विखुरतात ते मांडणीतल्या बिघाडामुळे. अणूंच्या उष्णतेच्या हालचालीने तो बिघाड होतो, तसाच परक्या अणूमुळेही होतो. नायक्रोममध्ये पुढच्या जागेवर निकेल असेल की क्रोमियम याला काही क्रमच नाही, म्हणून पावलोपावली विखुरणं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे तांब्यातली थोडीशी अशुद्धीही महाग पडते. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर काम करताना विल्यम थॉमसनने, पुढचे लॉर्ड केल्विन, १८५७ मध्ये वेगवेगळ्या कारखान्यांचं तांबं तपासलं तेव्हा दिसायला सारख्या तारांच्या वाहकतेत मोठा फरक निघाला. हजारो किलोमीटरच्या केबलला तो परवडणारा नव्हता. पुढे १९१३ मध्ये तांब्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणच ठरलं: २० अंश सेल्सिअसला एक मीटर लांब, एक चौरस मिमी छेदाच्या मऊ केलेल्या तांब्याच्या तारेचा रोध ५८ वा भाग ओहम.

हा ५८ लक्षात ठेवण्यासारखा आकडा आहे. केबलच्या एका कोरची (आतल्या एका स्वतंत्र वाहकाची) लांबी मीटरमध्ये घ्या, ५८ ने भागा, चौरस मिमीने भागा, ओहम हातात आले. तारांसाठीच्या ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के, म्हणून तिथे ५८ च्या जागी ३५.

२१ डिसेंबर

तापमान थोडक्यात. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब थंड असताना ३८ ओहम दाखवतो. २३० व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रोध हिशोबाने ५२९ येतो. तीच टंगस्टनची तार, तीच लांबी-जाडी. तांबं आणि ॲल्युमिनियम दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतात. नायक्रोम लाल होईपर्यंत तापलं तरी काही टक्केच वाढतं, म्हणून शेगडीला ते योग्य.

केबलच्या दृष्टीने: उन्हात पडलेली काळी केबल ६० अंशांवर गेली तर तिचा रोध २० अंशांपेक्षा १६ टक्के जास्त.

५ जानेवारी २०२५

आज शेतावर. निफाडची थंडी या दिवसांत कडक असते. बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं आहे, आत्ता पाण्याचा ताण बसून चालत नाही.

लांब टेपने मीटरपेटी ते विहीर अंतर केबलच्या मार्गाने घेतलं: ३२० मीटर. केबल तीन कोरची, ॲल्युमिनियम, ६ चौरस मिमी. हिशोब: ३२० भागिले ३५ भागिले ६, एका कोरला १.५२ ओहम.

वायरमनने चालू मोटरवर वाचनं घेतली, मुली लांब उभ्या राहून लिहीत होत्या. क्लॅम्प मीटरवर धारा ९.५ अँपिअर. मीटरपेटीकडच्या स्टार्टरवर तिन्ही फेजच्या जोड्यांत ३९४ व्होल्टच्या आसपास. विहिरीच्या पेटीवर ३७४, ३७१ आणि ३६८. तीन फेजमध्ये घट म्हणजे १.७३ गुणिले अँपिअर गुणिले एका कोरचा रोध गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर (धारेतला प्रत्यक्ष काम करणारा वाटा) ०.८३ धरला तर २०.७ व्होल्ट. एका जोडीत जवळजवळ तेवढीच घट आहे. उरलेल्या दोन्हींत जास्त आहे आणि दोन्हींत मधला, पिवळा फेज आहे.

केबलच्या तिन्ही कोरांची लांबी, जाडी, धातू एकच. म्हणजे पिवळ्या कोरमध्ये सूत्रात न बसणारं काहीतरी आहे.

मुलीचे वडील शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "मॅडम, म्हणजे पाइपासारखंच म्हणा की. दोन इंचीच्या जागी चार इंची टाकला की जोर वाढतो."

"दादा, दिशा तीच आहे, पण हिशोब वेगळा आहे," मी म्हटलं. मग बांधावर बसूनच हिशोब मांडला, कारण हा फरक समजला तर तारेचं काम आतून समजतं. पाइपलाइनसाठी वापरतात त्या हेझन-विल्यम्स सूत्रात घर्षणाची घट व्यासाच्या ४.८७ व्या घाताने कमी होते. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेलं तर घट जवळजवळ एकोणतिसावा भाग. तारेचा व्यास दुप्पट केला तर घट फक्त चौथाई. पाण्याला अडवते ती पाइपाची भिंत. भिंतीलगतचं पाणी जवळपास थांबलेलं असतं, मधलं जोरात पळतं. पाइप मोठा केला की भिंतीपासून लांबचं पाणी खूप वाढतं. तारेला अशी अडवणारी भिंत नाही. इलेक्ट्रॉन धातूच्या आतच, सगळीकडे सारखे विखुरतात, त्यामुळे छेदाचा प्रत्येक चौरस मिमी सारखीच धारा वाहतो. ५० हर्ट्झच्या विजेला या जाडीच्या तारेत पृष्ठभागाकडे सरकण्याचाही प्रश्न नसतो, तो सेंटीमीटरभर जाडीच्या पुढे जाणवायला लागतो.

दादा म्हणाले, "मग पाइपात एक नंबर वाढवला तर भागतं, तारेत भागत नाही." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

१२ जानेवारी

पिवळ्या कोरचा शोध. यावेळी वीज बंद ठेवूनच काम करायचं ठरवलं. वायरमनने मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, ऑटो स्विच बंद केला आणि मोटरची टोकं सोडली. ऑटोची आठवण मुद्दाम करावी लागते. लाइट आली की तो आपोआप मोटर सुरू करतो.

साधन: ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी. विहिरीकडे दोन कोर एकमेकांना जोडायचे आणि इकडे त्यांच्या टोकांना बॅटरी लावायची. जाऊन-येऊन ६४० मीटर तार असल्यामुळे धारा आपोआप तीन-चार अँपिअरवर राहते. व्होल्टमीटर थेट केबलच्या टोकांवर, अँपिअरमीटर मधे. टेबलावरची चार टोकांची पद्धत तीच, इथे फक्त तार लांब.

लाल-पिवळा: १२.३ व्होल्ट, ३.४० अँपिअर, ३.६२ ओहम. पिवळा-निळा: १२.३ आणि ३.४२, ३.६० ओहम. निळा-लाल: १२.२ आणि ४.०४, ३.०२ ओहम.

तीन समीकरणं, तीन अज्ञातं. मुलींनी तिथेच सोडवली. लाल १.५२, निळा १.५०, पिवळा २.१० ओहम. दोन कोर हिशोबाशी हुबेहूब जुळले. ३२० मीटर लांब आणि जमिनीत गेलेली केबल, पण टेबलावर मोजलेल्या एका मीटरसारखीच वागते. आकडे लिहिताना माझा हात थरथरला. इतकी वर्षं शिकवलेलं सूत्र मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मापावर खरं होताना पाहिलं.

पिवळ्यात ०.६ ओहम जास्त. केबलला मधे एक जोड आहे, पूर्वी नांगराने तुटली होती तिथे. टेप सोडली. पिवळ्या कोरचा पिळा काळपट, वरची टेप वितळून चिकटलेली. बॅटरीची धारा चालू ठेवून पिळ्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टमीटर लावला. पिवळ्यावर २.० व्होल्ट. लाल आणि निळ्या जोडांवर जेमतेम काही मिलिव्होल्ट. चार बोटं लांबीच्या पिळ्यात शंभराहून अधिक मीटर केबलइतका रोध बसला होता.

चालू मोटरच्या ९.५ अँपिअरला हे ५० वॅटहून जास्त होतं, सगळं त्या पिळ्यात उष्णता बनून. टेप वितळली यात नवल नाही.

ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो वीज वाहत नाही. शिवाय दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, पिळा सैल पडतो, संपर्काच्या जागा कमी होतात, उरलेल्या जागा तापतात आणि ऑक्साइड आणखी वाढतं. सूत्रातलं क्षेत्रफळ तारेचं नव्हे, तर जिथे धातू धातूला खरोखर टेकलेला आहे तेवढ्या ठिपक्यांचं उरतं. नुसता पिळा मारून टेप गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा जोड मी यापुढे कुठेही मान्य करणार नाही.

१९ जानेवारी

वायरमनने तिन्ही जोड नव्याने केले. टोकं ब्रशने चकचकीत, त्यावर ऑक्साइड रोखणारी पेस्ट, ॲल्युमिनियमची फेरूल (जोडनळी), क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून, वर उष्णतेने आवळणारी नळी. बॅटरीने पुन्हा मोजलं: पिवळा १.५१. चालू मोटरवर विहिरीकडे तिन्ही जोड्यांत आता ३७३-३७४.

तिन्ही फेज सारखे झाले ही मोठी गोष्ट. फेजमधला थोडासा फरकही मोटरच्या वाइंडिंगमधल्या धारेत कितीतरी मोठा होऊन उतरतो. पण वीस व्होल्टची घट अजून आहेच, आणि ती केबलच्या मापाची आहे. ती जोड सुधारून जाणार नाही. ३७४ व्होल्टला मोटरचा पिळ (टॉर्क) ४१५ च्या तुलनेत साधारण ८१ टक्के, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. सुरू होताना धारा पाच-सहा पट असते, तेव्हा तर घट कितीतरी जास्त.

२ फेब्रुवारी

केबल बदलायची का आणि कोणती, यावर घरात बोलणं. दुकानदाराने तांब्याची ४ चौरस मिमीची सुचवली होती, "तांबं म्हटल्यावर प्रश्नच नाही" म्हणून. हिशोब: ३२० भागिले ५८ भागिले ४, १.३८ ओहम. आत्ता १.५१ आहे. एवढा खर्च करून घट फक्त दोन व्होल्टने कमी. धातू बदलला आणि छेद कमी केला की एक हात देतो, दुसरा काढून घेतो.

आयएस ८१३० या भारतीय मानकात केबलच्या वाहकाचा २० अंशांना जास्तीत जास्त रोध दिलेला आहे. त्यात तांब्याच्या ६ चौरस मिमीपुढे आणि ॲल्युमिनियमच्या १० चौरस मिमीपुढे एकच आकडा आहे: किलोमीटरला ३.०८ ओहम. विजेच्या दृष्टीने दोन्ही सारख्या. आमच्या ३२० मीटरच्या तीन कोरांना धातूचं वजन मात्र तांब्यात सुमारे ५२ किलो आणि ॲल्युमिनियममध्ये २६. किलोमागे तांबं कितीतरी महाग, आणि विहिरीवरच्या तांब्याच्या केबलला चोरांचा धोका वेगळाच. लांब पल्ल्याला जाड ॲल्युमिनियम घ्यावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. अट एकच, जोड नीट हवेत आणि विहिरीकडे मोटरची तांब्याची केबल जिथे मिळते तिथे बायमेटलचे लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेली जोडटोकं) हवेत.

१० चौरस मिमीने घट १३.५ व्होल्टवर येते आणि केबलमध्ये जळणारी वीज ४०० वॅटवरून २७० वर. १६ चौरस मिमी आणखी चांगली, पण खर्चाचा विचार करून दादांनी दहाची ठरवली.

२२ फेब्रुवारी

नवी केबल टाकली, मधे एकही जोड नाही. मातीचं तापमान साधारण २५ अंश. बॅटरीची वाचनं: १.९४, १.९६, १.९५ ओहम. म्हणजे प्रत्येक कोर ०.९७-०.९८.

मुलींचा ३५ वाला हिशोब ०.९१ सांगत होता. फरकाचं कारण त्यांनीच शोधलं. मानक बांधून ठेवतं ते रोधाला, क्षेत्रफळाचा दहा हा आकडा फक्त नावाचा आहे. शिवाय पदर पिळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पदर केबलपेक्षा थोडा लांब पडतो. तापमानाचे दोन टक्के वेगळे. मानकाचा २० अंशांचा आकडा ३२० मीटरला ०.९८६ येतो, आमची वाचनं त्याच्या आत आहेत. केबल चांगली आहे.

चालू मोटरवर स्टार्टरला ३९४, विहिरीकडे ३८१.

९ मार्च

प्रकल्पाची वही पूर्ण होत आली. एक मोजणी मुद्दाम मागे ठेवली आहे: मे महिन्यात भर दुपारी, केबलचा बराच भाग उन्हात उघडा असताना. सरासरी तापमान ४५ अंश धरून दोघींनी एका कोरचा अपेक्षित रोध १.०५ ओहम काढला आणि तारीख घालून लिहून ठेवला आहे. वार्षिक परीक्षा झाली की ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा मागायची आहे. दादा म्हणाले, शेजारच्या दोन विहिरींवरच्या केबलीही तेव्हाच मोजून द्या.